स्मरणचित्र : हिरोशिमातले चार दिवस

एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्राचा एक पेपर असायचा. विषय साधारण ठरलेले: भाजी मंडई, बसथांबा, पतंग उडवणारी मुलं. कोल्हापुरातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होतो आणि दरवर्षी या पेपरची तयारी करून घ्यायचो. आता निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही, की मुलांना आठवून काढायला मी कधीच शिकवलं नाही. आम्ही चित्र घोटून घ्यायचो. डावीकडे मोठी भाजीवाली, तिच्याशेजारी पाठमोरी बाई (चेहरा काढायचा त्रास वाचतो), उजवीकडे पिशवीवाला गृहस्थ, लांबवर दोन बारक्या आकृत्या. ज्याला पाय जमत नाहीत त्यानं पायांपुढं टोपली ठेवायची. ए ग्रेड पक्की.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका माहितीपत्रकात हिरोशिमाचं एक चित्र पाहिलं होतं. अणुबॉम्बमधून वाचलेल्या कुणा साध्या माणसानं तीसेक वर्षांनी आठवून काढलेलं. हात अंगापेक्षा लांब, नदीचा निळा रंग काठाबाहेर सांडलेला आणि मोकळ्या जागेत बारीक अक्षरांची गर्दी. मी मनातल्या मनात दहापैकी तीन मार्क दिले आणि पान उलटलं. मग परत मागं आलो. ते चित्र पुढं डोक्यातून गेलंच नाही.

भाची नोकरीनिमित्त ओसाकाला असते. यंदा जूनमध्ये तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं विचारलं, "मामा, क्योतो की हिरोशिमा? सुट्टी चारच दिवस आहे." मी हिरोशिमा म्हणालो. तिला वाटलं मी अणुबॉम्बनंतरही उभा राहिलेला तो प्रसिद्ध घुमट बघायला येतोय. मला ते तीन मार्कांचं चित्र बघायचं होतं.

पहिला दिवस

शिन-ओसाकाहून शिंकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, दीड तास. डबा उघडून दोन लाडू खाईपर्यंत गाव आलं.

पाऊस होता. जूनमधल्या या पावसाला तिथं त्सुयु म्हणतात. आपल्यासारखा कोसळत नाही, दिवसभर नुसता भिजवत राहतो. स्टेशनवरून ट्राम घेतली. ट्राममध्ये मधल्या किंवा मागच्या दारानं चढायचं, पुढं उतरताना पैसे टाकायचे. शहरात जवळजवळ कुठंही जा, भाडं एकच. सुट्टी नाणी आधीच हातात काढून ठेवा, नाहीतर तुमच्यामागं अख्खी रांग शांतपणे उभी राहते. कुणी काही बोलत नाही, आणि त्याचाच जास्त ताण येतो.

या ट्रामांचं मला कौतुक वाटलं. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला आणि ९ तारखेला शहराच्या पश्चिमेच्या एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा धावली. त्या दिवशी भाजून निघालेल्या गाड्यांपैकी ६५१ आणि ६५२ या दोन अजून वापरात आहेत. आमच्या वाट्याला आली नाही. भाची प्रत्येक गाडीचा नंबर बघत होती.

घुमटापाशी उतरलो. यान लेत्झेल या चेक वास्तुकारानं बांधलेलं हे उद्योग प्रदर्शनाचं सभागृह १९१५ सालचं. फोटो इतके पाहिलेले असतात की समोर उभं राहिल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच वाटत नाही. मला वाटलं ते बाजूच्या कण्हेरीकडं बघून. लालगुलाबी कण्हेर पावसात वाकली होती. इथं आता काही उगवणार नाही असं लोक म्हणत असताना कण्हेर फुलली, म्हणून हिरोशिमानं तिला शहराचं फूल केलं. आपल्याकडं देवळाच्या आवारात नाहीतर रस्त्याच्या दुभाजकावर दिसणारं झाड, इथं शहराचं मानाचं.

छत्री भाचीकडं देऊन नदीच्या कठड्यावर पहिलं रेखाटन केलं. मोतोयासु नदी, पलीकडं घुमट, अलीकडं दगडी काठ. कागद ओला झाला, पेन्सिल घसरत होती. या रेखाटनाची गोष्ट पुढं येईल.

काठानं चालताना अचानक गांधीजी भेटले. २०२३ च्या मे महिन्यात बसवलेला ब्राँझचा अर्धपुतळा, राम सुतारांनी घडवलेला. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या माणसाचा हात इथं या पावसात बघून मी भाचीला उगाचच दहा मिनिटं सुतारांबद्दल ऐकवलं. ती "हो मामा, हो मामा" करत मोबाइलवर जेवणाची जागा शोधत होती.

जेवण म्हणजे ओकोनोमियाकी. हिरोशिमाची पद्धत ओसाकाहून वेगळी: तिथं सगळं एकत्र कालवतात, इथं थरावर थर. तव्यावर आधी धिरड्यासारखं पातळ पीठ पसरायचं, त्यावर कोबीचा हा एवढा डोंगर, मोड आलेली कडधान्यं, मग नूडल्स, शेवटी अंडं. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती आणि मदत म्हणून आलेलं गव्हाचं पीठ होतं. त्यात पोट भरण्यासाठी हा प्रकार रुजला. अनेक दुकानांच्या नावांपुढं "-चान" लागतं. घरातला पुरुष युद्धात गेलेल्या बायकांनी घराच्या पुढच्या खोलीत तवा मांडला आणि स्वतःच्या किंवा पोराच्या लाडक्या नावानं दुकान काढलं, अशी त्यामागची हकिकत सांगतात.

शाकाहाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. नुसतं डुकराचं मांस नको म्हणून भागत नाही. पिठावर माशाची पूड भुरभुरवतात, आणि वरच्या गोड सॉसमध्येही मांसाचा किंवा कालवांचा अर्क असू शकतो. ऑर्डर देतानाच तिन्ही गोष्टी सांगाव्यात. आमच्या काउंटरवरच्या बाईंनी सॉसऐवजी मीठ आणि लिंबू दिलं. आजूबाजूची लिंबं प्रसिद्ध आहेत, त्यामुळं नुकसान काहीच झालं नाही. खायचं तव्यावरूनच, छोट्या उलथण्यानं. माझं अर्धं परत तव्यावर पडत होतं. बाईंनी न बोलता चॉपस्टिक पुढं सरकवल्या.

दुसरा दिवस

शांती स्मारक संग्रहालय. तिकीट २०० येन. सकाळी लवकर जा, शक्यतो ऑनलाइन वेळ राखून. दहानंतर शाळेच्या सहली येतात आणि मग काचेपर्यंत पोचता येत नाही. आणि त्याच दिवशी दुपारी मियाजिमा बेटाचा बेत ठेवू नका. पुष्कळ लोक ठेवतात. मी तरी ते करू शकलो नसतो.

तीनचाकी सायकल, शाळकरी मुलांचे गणवेश, डबे, यांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मी सरळ चित्रांकडं गेलो.

त्यांची सुरुवात अशी. १९७४ च्या मे महिन्यात कोबायाशी इवाकिची नावाचे सत्त्याहत्तर वर्षांचे गृहस्थ एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या हिरोशिमा केंद्रात एक चित्र घेऊन आले. ६ ऑगस्टच्या दुपारी चारच्या सुमाराला योरोझुयो पुलापाशी त्यांनी जे पाहिलं होतं, ते एकोणतीस वर्षांनी काढलेलं. केंद्रातली माणसं हलली. त्यांनी आवाहन केलं: तुम्ही जे पाहिलं ते काढून पाठवा, चांगलं काढता आलंच पाहिजे असं नाही. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या वर्षी मिळून २,२२५ चित्रं जमली. २००२ मध्ये पुन्हा आवाहन झालं, आणखी आली.

आता दुसरा आकडा बघा. ६ ऑगस्टला शहराच्या आत काढलेले फोटो किती? मात्सुशिगे योशितो या वृत्तपत्र छायाचित्रकाराचे पाच. दिवसभर कॅमेरा घेऊन फिरले, पण समोरचं बघून बटण दाबवेना. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं गेली आणि त्या दिवसाचे फोटो पाच. बाकीचं सगळं माणसांच्या डोळ्यांतच राहिलेलं होतं.

मी एका चित्रासमोर बराच वेळ थांबलो. मार्क द्यायची जित्याची खोड, तीही जागी होतीच. प्रमाण नाही, यथादर्शन म्हणजे दूर-जवळचं भान नाही. पण हळूहळू एक गोष्ट दिसायला लागली. ज्याला जे आठवतं ते त्यानं मोठं काढलंय आणि जे आठवत नाही ते सोडून दिलंय. हात लांब आहेत कारण बघणाऱ्यानं हातच पाहिले. मागची घरं काढलेलीच नाहीत. आमच्या पेपरात रिकामी जागा दिसली की आम्ही "मागं एक झाड टाक" म्हणायचो. इथं कुणीही झाड टाकलेलं नाही. जिथं चित्र अपुरं पडलं तिथं लिहिलंय: वेळ, पुलाचं नाव, कोण काय म्हणालं, बाण काढून "इथं". भाची वाचून दाखवत होती. एका ठिकाणी ती थांबली आणि म्हणाली, "हे नको, मामा." मी पुन्हा विचारलं नाही.

बाहेर आलो तर पाऊस थांबलेला. उद्यान हिरवंगार, रुंद वाटा, कापलेली हिरवळ. वास्तुकार तांगे केंझोंची आखणी, संग्रहालय १९५५ सालचं. स्मारकाच्या कमानीतून सरळ रेषेत घुमट दिसावा अशी सोय. सुंदर आहे. आणि इतकं सुंदर आहे की इथं मुळात उद्यानच असणार असं वाटून जातं. तसं नव्हतं. इथं नाकाजिमा नावाची वस्ती होती. दुकानं, खाणावळी, देवळं, न्हाव्याचं दुकान, सुमारे ४,४०० माणसं. ती पुसली गेली आणि मातीचा भराव टाकून वर हिरवळ आली.

बागेत मोफत माहिती देणारे स्वयंसेवक असतात. आम्हाला भेटलेल्या काकू सत्तरीच्या. हातात प्लॅस्टिकच्या पानांची जाडजूड फाइल. त्यांनी आम्हाला हिरवळीच्या मधोमध उभं केलं आणि फाइलमधला एक नकाशा उघडला. गल्ली, गल्लीत घरं, प्रत्येक घरात नाव. "तुम्ही आत्ता रस्त्यावर उभे आहात," त्या म्हणाल्या.

हा नकाशा कुठल्याही कचेरीत तयार मिळालेला नव्हता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एनएचकेची माणसं आणि हिरोशिमा विद्यापीठातले संशोधक वाचलेल्या रहिवाशांना गाठायला निघाले. कुणी त्या दिवशी गावाबाहेर होतं, कुणी लहानपणी खेड्यात पाठवलेलं, कुणी सैन्यात. मोकळा नकाशा पुढं ठेवायचा आणि विचारायचं: तुमचं घर कुठं? शेजारी कोण? पलीकडं कसलं दुकान? ज्या घरातलं कुणीच उरलं नाही त्या घराचं नाव शेजाऱ्यांनी सांगायचं. पुढं महानगरपालिकेनंही हे काम अंगावर घेतलं.

मी काकूंना विचारलं, दोघांनी एकाच जागेवर वेगवेगळी दुकानं सांगितली तर? भाचीनं भाषांतर केलं. काकू हसल्या. "तेव्हाच तर खरं बोलणं सुरू होतं," म्हणाल्या. "रिकामा कागद दिला तर माणूस म्हणतो, फार वर्षं झाली, आठवत नाही. चुकीचा नकाशा दिला तर म्हणतो, छे, इथं नव्हतं."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. एकतीस वर्षं लाल पेन्सिल माझ्या हातात होती. चित्र काढणाऱ्याच्या चुका बघणारा दाखवणार, असा आमचा रिवाज. इथं उलटं होतं: ज्याला ठाऊक आहे त्याच्यापुढं मुद्दाम कच्चं चित्र ठेवायचं, म्हणजे तो बोलतो.

काकूंनीच निवाता अंजू नावाच्या मुलीबद्दल सांगितलं. हायस्कूलच्या पहिल्या वर्षात, २०१७ मध्ये, तिला नाकाजिमात वाढलेले एक आजोबा भेटले. त्यांच्या घरचे काळेपांढरे फोटो तिनं संगणकाच्या मदतीनं रंगवले आणि आजोबांना दाखवले. मग असे आणखी लोक, आणखी फोटो. संगणक अंदाजानं रंग भरतो. एका फोटोतली फुलं बघून एक आजोबा म्हणाले, ही डँडेलियन आहेत. मग ती हातानं पिवळी केली. त्या पिवळ्या रंगामागून दुसऱ्या गोष्टी आठवत गेल्या.

उद्यानातच २०२२ मध्ये उघडलेलं एक छोटं दालन आहे, तिथं खोदून काढलेली नाकाजिमाची गल्ली काचेखाली दिसते. जळालेल्या तातामी चटईचा कोळसा तसाच. फुकट आहे, दहा मिनिटं लागतात, आणि बहुतेक लोक चुकवतात. चुकवू नका. तिथून जवळच रेस्ट हाउस म्हणून इमारत आहे, मूळची १९२९ सालची, किमोनोच्या कापडाचं दुकान असलेली. बॉम्बच्या वेळी तळघरात कागद आणायला उतरलेले नोमुरा एइझो वाचले. ते तळघर बघता येतं. वर नाकाजिमाचे जुने फोटो आहेत, पंखा आहे, बसायला बाकं आहेत. पाय दुखत असतील तर हीच जागा.

एक बोच मात्र राहिली. बॉम्बमध्ये कोरियातून आलेली, आणलेली हजारो माणसं मेली. त्यांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते उद्यानाबाहेर, नदीपलीकडं. आत यायला त्याला १९९९ साल उजाडलं. शेजाऱ्यांना विचारून नकाशा भरताना कोण कुणाला शेजारी धरतं, हा प्रश्न मला त्या रात्री बराच वेळ छळत होता.

तिसरा दिवस

सकाळी फुकुरोमाची प्राथमिक शाळा. स्फोटाच्या केंद्रापासून ४६० मीटर. शाळेच्या जुन्या इमारतीचा एक तुकडा राखून २००२ मध्ये छोटं संग्रहालय केलंय. शेजारी चालू शाळा आहे. आम्ही गेलो तेव्हा आतून पाढ्यांसारखं काहीतरी सुरात ऐकू येत होतं.

बॉम्बनंतर ही काँक्रीटची इमारत उभी राहिली आणि तिचा दवाखाना झाला. आतल्या भिंती काजळीनं काळ्याकुट्ट. आपलं माणूस शोधत येणाऱ्यांनी शाळेतलाच खडू घेतला आणि भिंतीवर लिहिलं: अमुक अमुक इथं आहे, तमुक कुठं असेल तर कळवा. किकुची शुनकिची यांनी १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे फोटो काढले. पुढं शाळा दुरुस्त झाली, भिंतींना गिलावा झाला, रंग लागला, त्यावर फळे लागले आणि पिढ्यान् पिढ्या मुलं तिथं शिकली. इमारत पाडायची वेळ आली तेव्हा कुणालातरी ते फोटो आठवले. गिलावा सोलला आणि अक्षरं निघाली.

आता गंमत ऐका, ही खडूवाल्या माणसालाच कळेल. फोटोत अक्षरं काळ्यावर पांढरी आहेत, भिंतीवर आता पांढऱ्यावर काळी. गिलाव्याआधी काजळी पुसली गेली, पण खडूनं आपल्याखालची काजळी धरून ठेवली. खडू गेला, त्याची काळी सावली उरली. मी जन्मभर डस्टरनं पुसलेल्या फळ्यांचा विचार करत तिथं उभा राहिलो. पहारेकरी काकांनी बसायला स्टूल आणून दिलं, बहुधा मला चक्कर येतेय असं त्यांना वाटलं.

दुपारी मोतोमाची. ही जागा पर्यटकांच्या यादीत नसते, मला मात्र सगळ्यात जास्त आवडली. किल्ल्याच्या पश्चिमेला, नदीकाठी, उंच इमारतींची नागमोडी रांग. युद्धानंतर घरदार गेलेले लोक या काठावर झोपड्या बांधून राहिले. बॉम्बमधून वाचलेले, परदेशातून परतलेले, कोरियन कुटुंबं. त्या वस्तीला "अणुबॉम्ब झोपडपट्टी" असं हिणवायचे. वास्तुकार ओताका मासातो यांच्या आराखड्यानुसार १९६९ ते १९७८ या काळात इथं या इमारती उभ्या राहिल्या.

झोपड्या पाडण्याआधी, १९७० मध्ये, हिरोशिमा विद्यापीठातले वास्तुशास्त्राचे तरुण इथं घरोघर गेले. मोजपट्टी लावून एकेका झोपडीचा नकाशा काढला. कुठं पोटमाळा, कुठं वाढवलेली खोली, कुठं दोन घरांतली सामाईक वाट. जे लवकरात लवकर पुसून टाकायचं असं सगळ्या शहरानं ठरवलं होतं, त्याची कुणीतरी मापं घेतली. नाकाजिमाची गल्ली आठवून काढावी लागली; ही गल्ली निदान जाण्याआधी कागदावर आली.

इमारतींच्या मधल्या बाजारात अर्धी शटर बंद. म्हातारी माणसं खूप, चिनी कुटुंबंही बरीच. हिरोशिमा सिटी विद्यापीठाच्या कलाविभागातली मुलं २०१४ पासून इथल्या गाळ्यांत रहिवाशांबरोबर काम करतात. आम्ही एका चिनी किराणा दुकानात शिरलो. मालकीणबाईंनी शाकाहारी म्हटल्यावर भाजीचे वाफवलेले गोळे दिले, वर "आत अंडं आहे, चालेल?" हेही विचारलं. सबंध प्रवासात आपणहून हे विचारणाऱ्या त्या एकट्याच. इथं जाणार असाल तर एवढं पाळा: ही लोकांची घरं आहेत. खिडक्यांचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढू नका. जिने चढून वर जाऊ नका. बाजारात काहीतरी विकत घ्या.

इथल्याच मोतोमाची हायस्कूलमध्ये चित्रकलेचा खास अभ्यासक्रम आहे. २००७ पासून तिथली मुलं वाचलेल्या आजी-आजोबांबरोबर तैलचित्रं काढतात. आता दोनशेहून जास्त झाली आहेत. शाळेत अर्थातच आम्हाला प्रवेश नव्हता. यातली काही चित्रं आदल्या दिवशी पाहिली होती, बाकीची भाचीनं चहा पिता पिता संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दाखवली. जाण्याआधी घरी बसून बघता येतात, तसं करा. जपानी येत नसलं तरी चित्रं कळतात.

पद्धत साधी आणि जीवघेणी. आजोबा एक प्रसंग निवडतात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी ऐकते, कच्चं रेखाटन करते, घेऊन जाते. आजोबा बघतात: आग इतकी तांबडी नव्हती, धूर खाली होता, हात असे नव्हते. मुलगी परत येते, वर्गातल्या मैत्रिणीला तसं उभं करून बघते, पुस्तकांत कपडे शोधते, पुसते, पुन्हा काढते. असं जवळजवळ वर्षभर. तांत्रिकदृष्ट्या ही चित्रं उत्तम आहेत, कुठल्याही परीक्षेत पहिली येतील. खरं सांगायचं तर मला १९७४ ची वेडीवाकडी चित्रं जास्त भिडली. पण ती काढणारे आता नव्वदीच्या पुढं, किंवा नाहीतच. या मुलींनी जे कमावलंय ते कॅनव्हासच्या बाहेर आहे. कुणा परक्या म्हाताऱ्या माणसाकडून वर्षभर "असं नव्हतं, असं नव्हतं" ऐकून घेणं. माझ्या वर्गातलं कुणी ऐकलं असतं का, माहीत नाही. मी तरी शिकवलं नसतं.

संध्याकाळी पुन्हा नदीवर आलो. पहिल्या दिवसाचं रेखाटन पूर्ण करायला बसलो. काठाचे दगड काढत होतो, तेवढ्यात एक आजोबा येऊन मागं उभे राहिले. डोक्यावर टोपी, हातात दुमडलेली छत्री, वय नव्वदीच्या आसपास असावं. बराच वेळ बघितलं. मग काठीसारखी छत्री कागदाकडं करून काहीतरी म्हणाले.

"मामा, ते म्हणतायत इथं पायऱ्या होत्या."

हिरोशिमाच्या नद्यांना जागोजागी पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. त्यांना गांगी म्हणतात. भरती-ओहोटीच्या पाण्यात होड्यांतून माल चढवायला-उतरवायला केलेल्या. पंचगंगेच्या घाटावर वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मी दोन ठिकाणच्या काढल्या होत्या. आजोबांचं म्हणणं, तिसऱ्या होत्या, आता नाहीत. मी पेन्सिल पुढं केली. त्यांनी नको नको केलं, मग घेतली. उभ्यानंच, वही माझ्या मांडीवर, त्यांनी पाच-सहा आडव्या रेघा ओढल्या. इतक्या दाबून की मागच्या पानावर उमटल्या. मग थोडं थांबून खालच्या पायरीपाशी एक छोटा गोल काढला, त्याला दोन हात. पाण्यात पोहणारं पोर.

स्वतःबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पेन्सिल दोन्ही हातांनी परत केली. भाचीनं विचारलं, पायऱ्या किती होत्या? ते म्हणाले, भरतीला चार, ओहोटीला जास्त.

चौथा दिवस

मियाजिमा. ट्रेन, मग दहा मिनिटं फेरीबोट. पाण्यात उभं देवळाचं लाल तोरणद्वार पावसात धूसर, गर्दी अफाट. मोमिजी मांजू म्हणजे मॅपलच्या पानाच्या आकाराचा गोड केक, आत लाल चवळीच्या पुरणासारखं सारण. गरम मिळाला तर खा, खोक्यातला विशेष नाही.

तिथली हरणं दिसतात गोजिरवाणी, पण कागद खातात. नकाशा, तिकीट, पिशवी, काहीही. पाट्या लावलेल्या आहेत आणि मी त्या वाचल्याही होत्या. फेरीबोटीची वाट बघत बाकावर बसलो, वही शेजारी उघडी ठेवली, चष्मा पुसायला घेतला. भाची ओरडली तोवर पानाचा कोपरा गेला होता. हरीण चावत चावत माझ्याकडं बघत होतं.

घरी आल्यावर ते पान नीट पाहिलं. गेलाय तो माझा घुमट, अर्ध्याहून जास्त. आजोबांच्या पायऱ्या आणि ते पोहणारं पोर शाबूत आहेत.